पुण्यात सोलरचे गरम पाणी: खर्च छतावर नको, पाइपात मोजा

दिवाळी आटोपली की पुण्यात सोलरवाल्यांकडे चौकशा वाढतात. पहाटेचा पारा पंधराच्या खाली जातो, गिझर जास्त वेळ चालू राहतो आणि डिसेंबरचे वीजबिल आले की घरात विषय निघतो, ‘आपणही सोलर बसवून टाकू या.’ मग दोन-तीन कोटेशने येतात. त्यांतला सर्वात कमी आकडा पाहून निर्णय होतो आणि पुढची दहा वर्षे त्याच निर्णयावर काढावी लागतात.

ही घाई टाळता येते. सोलर वॉटर हीटर पुण्यासाठी चांगली वस्तू आहे. इथे पावसाळा सोडला तर आकाश बहुतेक मोकळे असते आणि ज्या महिन्यांत गरम पाणी सर्वात जास्त लागते, त्याच महिन्यांत ऊन स्वच्छ पडते. पण ही वस्तू प्रत्येक घराला परवडतेच असे नाही. ती परवडेल की नाही, हे टाकीच्या किमतीपेक्षा गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपाच्या लांबीवर जास्त ठरते. या लेखातले सगळे हिशेब त्या एका मापाकडे जातात. किमती साधारण बाजारभावाच्या आहेत. कोटेशन वाचताना अंदाज यावा, एवढाच त्यांचा उपयोग.

आधी फरशीचा प्रश्न

नवा बंगला बांधणारे किंवा जुन्या घराचे नूतनीकरण करणारे काहीजण विचारतात, सोलरचे गरम पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरवून घरच गरम ठेवता येईल का? कॅनडात किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या मुलांकडे त्यांनी अशी फरशी पाहिलेली असते. कोरियात जमिनीखालून घर उबदार ठेवण्याची पद्धत तर शतकानुशतके जुनी आहे. थंडी महिनोन्‌महिने रात्रंदिवस टिकते आणि भिंती, खिडक्या, छत हवाबंद असतात, अशा ठिकाणी ही पद्धत उत्तम चालते.

पुण्याची थंडी वेगळी आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेतला नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंशांचा. पण एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी तीसच्या आसपास. म्हणजे ऊब लागते ती रात्रीचे आणि पहाटेचे काही तास, वर्षातले जेमतेम दोन महिने.

आता हिशेब. दीडशे चौरस फुटांची खोली म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. फरशीतून ऊब द्यायला दर चौरस मीटरला ८० ते १०० वॅट धरतात, म्हणजे या एका खोलीला सव्वा किलोवॅटच्या आसपास. गच्चीवरच्या २०० लिटरच्या टाकीतले ६० अंशांचे पाणी ३५ अंशांवर येईपर्यंत सुमारे पावणेसहा युनिट उष्णता देते. एवढ्यात एक खोली साडेचार तास उबदार राहील. पहाटे आंघोळीला मात्र टाकीत कोमट पाणी उरेल.

शिवाय नळ्यांखाली उष्णतारोधक थर, वर पाच सेंटिमीटर काँक्रीट आणि मग फरशी, एवढा थर वाढतो. पाच सेंटिमीटर काँक्रीटचे वजन चौरस मीटरला १२० किलो, म्हणजे त्या एका खोलीत दीड टनाहून जास्त. फ्लॅटमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय असा भार टाकूच नये. दरवाजे खालून कापावे लागतात ते वेगळे. साध्या विटांच्या भिंती आणि एका काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या घरात ही ऊब टिकणारही नाही.

म्हणून पुण्यात फरशी गरम करण्यावर पैसे घालू नयेत. दक्षिणेकडच्या खिडक्यांतून दुपारचे ऊन आत घ्यावे, ऊन उतरताच खिडक्या बंद करून जाड पडदे ओढावेत, शहाबादी किंवा कोटा फरशीवर सतरंजी अंथरावी. घरात बाळंतीण, तान्हे मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर त्यांच्या खोलीत रात्री दोन तास तेलाचा रूम हीटर लावावा. दोन किलोवॅटचा हीटर दोन तासांत जास्तीत जास्त चार युनिट घेतो. सोलरचे पैसे आंघोळीच्या पाण्यावर लावावेत.

एक बादली, किती पैसे

वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ०.४७ युनिट लागते. गिझरच्या टाकीतून आणि पाइपातून जाणारी उष्णता धरली तर बादलीला अर्धा युनिट धरून चालावे.

या अर्ध्या युनिटचा दर तुमच्या बिलावर अवलंबून आहे. महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे अशा आहेत. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या पायरीवरचे युनिट साधारण ७ रुपयांना पडते, दुसऱ्या पायरीवरचे १३ रुपयांच्या आसपास आणि तिसऱ्या पायरीवरचे त्याहून बरेच महाग. दर बदलत असतात, म्हणून ताज्या बिलाची मागची बाजू पाहून स्वतःचे आकडे घ्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सोलर आले की तुमच्या बिलातली सर्वात वरच्या पायरीवरची, म्हणजे सर्वात महाग युनिटे आधी कमी होतात. त्यामुळे बचत मोजताना बिलाची सरासरी न काढता वरच्या पायरीचा दर धरा. महिन्याला २५० युनिट जळणाऱ्या घरात एक बादली साडेसहा रुपयांना पडते. एकूण वापरच शंभराच्या आत असलेल्या घरात तीच बादली साडेतीन रुपयांना.

गॅस गिझर वापरत असाल तर तुलना वेगळी होईल. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये हिशेबाने तीनशेच्या आसपास बादल्या निघतात, म्हणजे बादली सुमारे तीन रुपयांना. पाइप गॅसचा खर्चही साधारण त्याच घरात जातो. या घरांना सोलरची वसुली उशिरा होते. गॅस गिझर मात्र बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. गिझर बाहेरच्या डक्टमध्ये किंवा ड्राय बाल्कनीत हवा, आणि न्हाणीघराला उघडी खिडकी हवी.

ट्यूबचा की प्लेटचा

बाजारात दोन प्रकार आहेत.

ट्यूबच्या सोलरमध्ये दुहेरी काचेच्या नळ्या असतात आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. तो स्वस्त असतो, ढगाळ हवेत थोडा जास्त तग धरतो आणि पाणी खूप तापवतो. काच फुटण्याची भीती आणि आत क्षार साचणे, या त्याच्या उणिवा. काचेच्या ट्यूबच्या पूर्ण संचासाठी भारतीय मानक आयएस १६५४४ आहे.

प्लेटच्या सोलरमध्ये काचेखाली तांब्याच्या नळ्या आणि काळा पत्रा असतो. तो महाग पडतो, पण नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे चालतो. त्याचे मानक आयएस १२९३३. प्लेटवर या मानकाचा शिक्का असल्याची खात्री करा.

साधारण किमती अशा धराव्यात:

- ट्यूबचा, १०० लिटर: १५ ते २२ हजार रुपये
- ट्यूबचा, २०० लिटर: २५ ते ३५ हजार रुपये
- प्लेटचा, १०० लिटर: २५ ते ३५ हजार रुपये
- प्लेटचा, २०० लिटर: ४५ ते ६० हजार रुपये

किती लिटरचा घ्यायचा? चार माणसांनी रोज दीड-दीड बादली ४२ अंशांचे पाणी घेतले तर एकूण १२० लिटर होते. त्यात टाकीतले ६० अंशांचे पाणी सुमारे ६३ लिटर, बाकी साधे पाणी मिसळायचे. म्हणजे बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना १०० लिटर पुरते. शॉवर असेल, स्वयंपाकघरातही जोड घ्यायची असेल किंवा पाहुण्यांचा राबता असेल तर १५० किंवा २०० लिटर घ्या. गरजेपेक्षा मोठा घेतल्यास उन्हाळ्यात पाणी उकळते आणि क्षार जास्त धरतात. त्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात.

खरा खर्च: पाइप

आता त्या मापाकडे. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंत पाइपात रात्रभर जे पाणी उभे असते, ते थंड होते. सकाळी नळ उघडला की आधी ते सगळे बाहेर पडते आणि मग गरम येते.

अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे सुमारे १२० मिलिलिटर पाणी राहते, पाऊण इंचीत २६०, एक इंचीत ४३०. पाऊण इंची पाइप ३० मीटर असेल तर जवळजवळ आठ लिटर झाले. आंघोळ झाल्यावर तेवढेच गरम पाणी पुन्हा पाइपात अडकून निवते. घरातली चार माणसे तासा-दोन तासांच्या अंतराने न्हायली तर रोज ३२ लिटर गरम पाणी पाइपातच जाते. वर आपण पाहिले की आंघोळीला लागणारे गरम पाणी होते ६३ लिटर. म्हणजे टाकीतून काढलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश कोणाच्याच अंगावर पडत नाही. वर्षभरात मोरीत सोडलेले पाणी साडेअकरा हजार लिटर होते, दहा हजार लिटरच्या एका टँकरहून जास्त.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी मोजपट्टी घेऊन टाकीची जागा ते सर्वात लांबचा नळ हे अंतर मोजा. सरळ रेषेत मोजू नका, पाइप ज्या वाटेने जाईल त्या वाटेने मोजा.

- १० मीटरपर्यंत: निर्धास्त घ्या.
- १० ते २० मीटर: पाइप बारीक ठेवा, त्यावर उष्णतारोधक नळी चढवा आणि आंघोळी एकापाठोपाठ करा.
- २० मीटरच्या पुढे: पुन्हा विचार करा. पुढे दिलेला विजेच्या सोलरचा पर्याय वाचा.

बारीक पाइप घ्यायचा तर पाण्याचा दाब तपासून घ्या. वरच्याच मजल्यावरच्या घराला गच्चीवरच्या टाकीतून दाब कमी मिळतो, त्यामुळे तिथे अर्धा इंची पाइपावर शॉवर चालणार नाही. बाहेरून उतरणारा मुख्य पाइप पाऊण इंची आणि आतला फाटा अर्धा इंची, ही जोडी बहुतेक घरांना जमते.

पाइपाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. थंड पाण्याचा साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो वाकतो आणि सांधे सुटतात. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो, पण उघड्या उन्हात ठेवला तर ठिसूळ होतो. त्यावर आवरण किंवा रंग हवाच. जीआय पाइप मजबूत असतो, पण उष्णता लवकर सोडतो आणि काही वर्षांनी गंजतो. फिटिंग, आवरण आणि मजुरी धरून मीटरला अडीचशे ते चारशे रुपये धरा. बहुतेक कोटेशनांत ‘प्लंबिंग प्रत्यक्ष मापाप्रमाणे’ अशी एक ओळ असते. पंचवीस मीटरला ती ओळ दहा हजारांपर्यंत जाते.

पाणी कुठले येते

जुन्या पेठा, कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत खडकवासला साखळीतले महापालिकेचे पाणी येते. ते तुलनेने मृदू असते आणि त्याला ट्यूबचा सोलर चालतो. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा भागांत अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. ते पाणी जड असते. ते ६० अंशांच्या वर तापले की क्षार खाली बसतात. ट्यूबमध्ये ते तळाशी साचतात, प्लेटमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात.

घरी येणारे पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. खर्च थोड्या शेकड्यांचा असतो. कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर दोन पर्याय राहतात. हीट एक्स्चेंजर असलेला प्लेटचा सोलर घ्यायचा, ज्यात प्लेटमधले पाणी वेगळे आणि वापराचे वेगळे असते. तो दहा-पंधरा हजारांनी महाग पडतो. नाहीतर ट्यूबचा घेऊन दर वर्षी सफाई करायची. एका वेळच्या सफाईला दीड ते तीन हजार रुपये धरा. टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही अशा पाण्यात लवकर झिजतो. तो झिजून संपला की टाकी आतून गंजू लागते. दोन वर्षांनी तो काढून पाहायला सांगा.

गच्चीवर काय पाहायचे

*दिशा.* तोंड दक्षिणेला, उतार तीस अंशांच्या आसपास. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. हिवाळ्यातले तिरपे ऊन पकडायचे असल्याने उतार अक्षांशापेक्षा जास्त ठेवतात.

*सावली.* २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेला दहा फुटांची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिची सावली भर दुपारीही नऊ फूट पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. डिसेंबरात सकाळी नऊ ते दुपारी चार जिथे सावली येत नाही तीच जागा निवडा. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत मंजूर झाली आहे का, तेही विचारा.

*थंड पाण्याची टाकी.* साध्या, बिनदाबाच्या सोलरला वरून पाणी मिळावे लागते. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर हवा. तो खाली असेल तर टाकी उचलायला लोखंडी स्टँड लागेल. हा खर्च पाच ते पंधरा हजारांचा असतो आणि तो बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावर समजतो.

*वजन.* २०० लिटरचा भरलेला संच अडीचशे किलोहून जास्त भरतो. तो तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेत ठेवा. स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग तिथूनच फुटते. सिमेंटचे ठोकळे घालून त्यांवर स्टँड बांधून घ्या.

*व्हेंट पाइप.* टाकीच्या वर निघालेला उघडा पाइप कधीही बंद करायचा नाही. मे महिन्यात गावी जाणार असाल तर ट्यूबवर ताडपत्री टाकून जा. टाकी रिकामी झाली असेल तर भर दुपारी थंड पाणी सोडू नका. तापलेल्या ट्यूब तडकतात आणि तडकलेली काच बहुतेक वॉरंटीत बसत नाही.

घरात लहान मूल असेल तर न्हाणीघरात तापमान नियंत्रित करणारा मिक्सर बसवा. एप्रिलमध्ये सोलरचे पाणी ७० अंशांच्या वर जाते आणि ते क्षणात पोळवते.

फ्लॅट असेल तर

गच्ची सोसायटीची सामाईक असते. बसवण्याआधी व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या, शक्य तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. पाइप कोणत्या डक्टमधून जाईल आणि गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, हे त्या पत्रात लिहून घ्या.

पुण्यातल्या बऱ्याच नव्या इमारतींत बिल्डरनेच सामाईक सोलर दिलेले असते. मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांना राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीतच सौर यंत्रणेची अट आहे. पण अनेक ठिकाणी ते पाणी एकाच न्हाणीघरात येते आणि सकाळी ठरावीक वेळेतच सोडले जाते. घर विकत घेताना विचारा: कोणत्या न्हाणीघरात येते, किती वाजता, माणशी किती लिटर आणि खालच्या मजल्यांना फिरते पाणी आहे का?

फिरते पाणी म्हणजे पाइपाच्या शेवटी परतीची लाइन आणि छोटा पंप. सकाळी टायमरवर पंप चालू झाला की पाइपातले थंड पाणी टाकीत परत जाते आणि नळ उघडताच गरम येते. ‘सोलर आहे पण गरम पाणी येतच नाही’ ही तक्रार असलेल्या सोसायटीने नवी टाकी किंवा नवे पॅनल घेण्याआधी परतीच्या लाइनचे कोटेशन मागवावे. पंपाची वीज थोडी लागते. मोरीत जाणारे पाणी आणि त्यासाठी येणारे टँकर मात्र वाचतात.

की वीज बनवणारे सोलर?

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने हा हिशेब बदलला आहे. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान मिळते. ते विजेच्या पॅनलला मिळते, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. वॉटर हीटरसाठीचे केंद्राचे जुने अनुदान काही वर्षांपूर्वीच बंद झाले. ‘वॉटर हीटरवर सबसिडी मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले तर आदेश दाखवायला सांगा. आगाऊ रक्कम देऊ नका.

एक किलोवॅटचे पॅनल पुण्यात सरासरी दिवसाला चार युनिट देते, वर्षाला सुमारे १,४०० ते १,४५०. अनुदान वजा जाता ते ३५ ते ५० हजारांना पडते. तार पाण्याच्या पाइपासारखी निवत नाही. गिझर न्हाणीघरातच असल्याने पाणी वाया जात नाही, आणि जड पाण्याने पॅनलचे काही बिघडत नाही. पहाटे ऊन नसले तरी नेट मीटरिंगमुळे दुपारी ग्रिडला दिलेले युनिट तुमच्या खात्यात वळते होते.

मग वॉटर हीटर कशाला घ्यायचा? जागेसाठी. १०० लिटरच्या प्लेटला दोन चौरस मीटर जागा लागते आणि तेवढ्यात ती दिवसाला साडेचार युनिटांएवढी उष्णता देते. एक किलोवॅट विजेच्या पॅनलला त्याच्या अडीच-तीन पट जागा हवी. गच्चीवर कोपराच मिळत असेल, नेट मीटरची मंजुरी शक्य नसेल आणि न्हाणीघर गच्चीच्या लगेच खाली असेल तर वॉटर हीटरच घ्या. स्वतःचा बंगला असेल, गच्ची मोकळी असेल आणि न्हाणीघरे दूर असतील तर पैसे आधी विजेच्या पॅनलवर लावा.

कर आणि सवलती

सोलर वॉटर हीटरवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याआधी १२ टक्के होता. जुन्या दराने केलेले कोटेशन आले तर दुरुस्त करून मागा.

पुणे महापालिका चालू स्थितीतला सौर, गांडूळखत किंवा पर्जन्यजल प्रकल्प असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात सवलत देते, एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. बिल, फोटो आणि अर्ज घेऊन मिळकतकर विभागाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात जा. प्रकल्प बंद पडला तर सवलत काढून घेतली जाते, म्हणून देखभालीच्या पावत्या जपा. राज्याच्या योजनांची चौकशी महाऊर्जाकडे करता येते. तिचे मुख्यालय पुण्यातच आहे.

किती वर्षांत वसूल

चौघांचे घर, रोज सहा बादल्या, म्हणजे तीन युनिट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे काम पूर्णपणे सोलर करते: ३६० युनिट. ऑक्टोबर आणि मार्च ते मे यांत गरज कमी: २४० युनिट. जून ते सप्टेंबर ढगांमुळे अर्ध्याहून कमी साथ: सुमारे १४५ युनिट. वर्षाला एकूण ७४५ युनिट वाचतात.

ट्यूबचा १०० लिटरचा संच २० हजार, पाइप आणि बसवणे १० हजार, एकूण ३० हजार रुपये.

- वरची पायरी १३ रुपयांची असेल तर वर्षाला सुमारे ९,७०० रुपये वाचतात. तीन वर्षांत खर्च निघतो.
- एकूण वापर शंभराच्या आत असेल तर वर्षाला ५,२०० रुपये. सहा वर्षे लागतात.
- पाइप ३० मीटर असेल आणि आंघोळी वेगवेगळ्या वेळी होत असतील तर ही बचत चांगलीच घटते आणि पाइपाचा खर्चही वाढतो. पहिल्या घराचीही वसुली मग पाच-सहा वर्षांवर जाते.

पावसाळ्यासाठी गिझर काढून टाकू नका. सोलरच्या टाकीत विजेची कॉइल घालण्यापेक्षा न्हाणीघरातला छोटा गिझर जास्त परवडतो. कॉइल सगळी टाकी तापवते आणि त्यातले अर्धे पाणी कोणी वापरत नाही.

सही करण्याआधी

ग्राहक चळवळीची पुण्यात जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये अखिल भारतीय ग्राहक पंचायत इथूनच सुरू केली. सोलरच्या व्यवहारात तोंडी आश्वासने फार असतात, म्हणून पुढच्या गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या:

- संचाचे मॉडेल, लिटर, ट्यूबची संख्या आणि माप किंवा प्लेटचे क्षेत्रफळ, आणि भारतीय मानकाचा क्रमांक
- टाकीच्या आतल्या पत्र्याचा प्रकार आणि जाडी
- पाइपाचा प्रकार, व्यास, मीटर आणि मीटरचा दर, आवरणासह
- थंड पाण्याची टाकी उचलण्याचा खर्च लागेल की नाही
- टाकी, प्लेट, ट्यूब आणि गळती यांची वेगवेगळी वॉरंटी, आणि पहिल्या दोन वर्षांची सेवा मोफत की सशुल्क
- एक दशांश तरी रक्कम पाणी नळाला गरम आल्यावर, पंधरा दिवसांनी देण्याची अट

वॉरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख घ्या, बिल जीएसटी क्रमांकासह घ्या. तक्रार मिटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

विक्रेता घरी आला की त्याला आधी गच्चीवर नेऊ नका, न्हाणीघरातल्या नळापाशी न्या. तिथून मोजपट्टी धरून पाइपाच्या वाटेने वर जा आणि मीटरचा आकडा कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहायला लावा. तो आकडा दहाच्या आत असेल तर बिनधास्त सही करा. वीसच्या पुढे असेल तर त्याच दिवशी विजेच्या पॅनलचेही एक कोटेशन मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून ठरवा.